बाहेरून मागवलेलं जेवण आणि स्पार्कलिंग वाईन: नाव राहू द्या, आधी साखर बघा

प्रश्न थोडक्यात असा होता: घरी चार जण जमतो, प्रत्येकजण आपल्या आवडीचं मागवतो, एकाचा पिझ्झा, एकाचं फ्राइड चिकन, एकाला सुशी हवी आणि एकाला झणझणीत थाय करी, आणि सोबत ब्रूट, म्हणजे कमी गोड, स्पार्कलिंगची (बुडबुड्यांच्या वाईनची) एक बाटली. वाईन नुसती प्यायली की मस्त, पण जेवण सुरू झालं की तीच वाईन आंबटढाण आणि पाणचट लागते. मग बाटली चुकली की जेवण, आणि नेमकं घ्यायचं काय?

बहुतेक वेळा दोन्ही बरोबर असतात हो, घोळ सॉसचा असतो. जरा लांबण लागेल पण नीट सांगते, कारण वाईन सर्व्ह करणं आणि ती कशासोबत द्यायची हे लोकांना सांगणं हाच माझा धंदा आहे आणि हा प्रश्न मला सारखा येतो, फक्त पदार्थ बदलतात.

आधी चांगली बातमी. पार्सलच्या जेवणात तीन गोष्टी ठासून भरलेल्या असतात, मीठ, तेल-चीज आणि साखर. यातल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी स्पार्कलिंगइतकी सोयीची वाईन दुसरी नाही. मिठामुळे वाईनचा आंबटपणा आणि कडवटपणा दोन्ही दबतात, म्हणून खारट वेफर्स खाता खाता साधीशी ब्रूटसुद्धा गोलसर, फळाळ लागायला लागते. आणि तेलकट पदार्थ खाऊन जिभेवर जो थर बसतो तो आंबटपणा आणि बुडबुडे मिळून धुऊन काढतात, पुढचा घास परत पहिल्यासारखा लागतो. बुडबुड्यांची चरचर फक्त स्पर्शाची असते असं आपल्याला वाटतं, पण तसं नाही, जिभेवरच्या आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर एक एन्झाइम असतं, ते कार्बन डायऑक्साइडचं तिथल्या तिथे आम्ल करून टाकतं, म्हणजे गॅस आपण अक्षरशः चाखतो. त्यात स्पार्कलिंगची द्राक्षं थोडी लवकर, आंबट असतानाच तोडतात, म्हणजे आंबटपणा दोन्ही बाजूंनी येतो. तळलेल्या आणि चीजवाल्या पदार्थांना हेच हवं असतं.

आता तिसरी गोष्ट, साखर. इथेच सगळे आपटतात, कारण ती दिसत नाही. नियम एकच लक्षात ठेवा, ताटातलं वाईनपेक्षा गोड असेल तर वाईन आंबट आणि पोकळ लागणार म्हणजे लागणारच, मग बाटली कितीही भारी असो. आणि आपल्याला जे "तिखट" किंवा "खारं" वाटतं ते बरेचदा चांगलंच गोड असतं. साधं केचप घ्या, एका टेबलस्पूनमध्ये साधारण ४ ग्रॅम साखर असते. ब्रूट वाईनमध्ये लिटरला जास्तीत जास्त १२ ग्रॅम साखर चालते, म्हणजे १२५ मिलिच्या एका ग्लासात फार तर दीड ग्रॅम. फ्राइज केचपमध्ये बुडवून खाल्ले आणि वर ब्रूटचा घोट घेतला की काय होणार हे या दोन आकड्यांतच आलं. बार्बेक्यू सॉस, स्वीट चिली, तेरियाकी, हनी-मस्टर्ड, पिझ्झासोबत येणाऱ्या त्या डिप्सच्या डब्या, सगळ्यांची हीच गत.

विश्वास बसत नसेल तर पुढच्या वेळी हे करून बघा. ब्रूटचा एक घोट घ्या, तोंडात फिरवा, चव लक्षात ठेवा. मग एक फ्राय नुसता मीठ लावलेला खा आणि परत घोट घ्या, वाईन मऊ झालेली असेल. आता तोच फ्राय केचपमध्ये नीट बुडवून खा आणि लगेच तिसरा घोट. लिंबू पिळल्यासारखं तोंड होतं आणि फळाची चव गायब. बाटली तीच, बटाटा तोच, मध्ये फक्त चमचाभर सॉस आला. लोकांना शिकवताना मी सुरुवात यानेच करते, कारण यानंतर बाकीचं फार समजवावं लागत नाही.

म्हणून बाटली घेताना ब्रँडच्या आधी लेबलवर गोडव्याचा शब्द शोधा. युरोपातल्या वाईन्सना ही पायरी ठरलेली आहे, आकडे लिटरमागे ग्रॅममध्ये: ब्रूट नेचर ३ पेक्षा कमी आणि वरून साखर घातलेली नाही, एक्स्ट्रा ब्रूट ६ पर्यंत, ब्रूट १२ पर्यंत, एक्स्ट्रा ड्राय १२ ते १७, नुसतं ड्राय किंवा सेक १७ ते ३२, डेमी-सेक ३२ ते ५०, आणि त्यापुढे सगळ्यात गोड पायरी, दू. हो, एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूटपेक्षा गोड असते आणि ड्राय त्याहून गोड, उलटं वाटतं पण असंच आहे, पाठ करून टाका. जर्मन झेक्टवर ट्रॉकन लिहिलेलं असेल किंवा स्पॅनिश कावावर सेको, तर तीही हीच १७ ते ३२ वाली पायरी. दुकानात उभं राहून लोक "ड्रायच द्या, गोड नको" म्हणतात आणि घरी नेमकी गोड बाटली उघडतात, ते याच्यामुळे.

पार्सलच्या जेवणासाठी माझं मत विचाराल तर एक्स्ट्रा ड्राय ही सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाची पायरी आहे. गोड वाईन म्हणजे कमी दर्जाची, जाणकार फक्त ब्रूट नेचर पितात, हे जे वातावरण झालंय ना त्याला काही अर्थ नाही. २०१० मध्ये फिनलंडच्या ओलांड बेटांजवळ बाल्टिक समुद्राच्या तळाशी एका बुडालेल्या जहाजात १६८ बाटल्या सापडल्या, एकोणिसाव्या शतकातली शॅम्पेन. नंतर तिचं रासायनिक विश्लेषण झालं तेव्हा लिटरला १४० ग्रॅमच्या वर साखर निघाली, म्हणजे आजच्या डेमी-सेकच्या जवळजवळ तिप्पट. त्या काळात श्रीमंत लोक हेच पीत होते. कोरडी, म्हणजे गोड नसलेली, शॅम्पेन ही नंतरची फॅशन, ती चांगलीच आहे, पण स्वीट चिली सॉसच्या विंग्जसोबत ती फॅशन आपण का पाळायची?

दुसरा प्रश्न बुडबुडे आले कुठून. याचं शास्त्र लांबलचक आहे, पण आपल्या कामापुरतं एवढंच की शॅम्पेन, कावा, क्रेमां (फ्रान्समधली शॅम्पेनबाहेरची स्पार्कलिंग) यांचं दुसरं फर्मेंटेशन त्याच बाटलीत होतं आणि वाईन यीस्टच्या गाळावर पडून राहते, कावा आणि क्रेमां निदान ९ महिने, साधी शॅम्पेन एकूण निदान १५ महिने आणि त्यातले १२ गाळावर, साल लिहिलेली शॅम्पेन तर निदान ३ वर्षं. मेलेलं यीस्ट हळूहळू विरघळतं आणि त्यातून भाजलेल्या पावाची, सुक्या मेव्याची, लोण्याची चव येते. इटलीची प्रोसेको मोठ्या बंद टाकीत बनते, लवकर बाटलीत भरतात, म्हणून तिच्यात पेअर, सफरचंद, फुलं असलं ताजं ताजं राहतं आणि बुडबुडे जरा मवाळ असतात. शॅम्पेनच्या बाटलीत दाब साधारण ६ ॲटमॉस्फिअर, प्रोसेकोत त्याहून बराच कमी. अंदाज असा धरा, भाजलेलं, तळलेलं, चीजचं, मशरूमचं असेल तर बाटलीत आंबवलेली, आणि गोडसर, मसालेदार, हर्ब्जवालं असेल तर टाकीतली. अपवाद निघतातच, पण दहातल्या आठ वेळा हा अंदाज बरोबर बसतो.

तुमच्या चौघांच्या ताटांवर येऊ.

फ्राइड चिकन. यावर मी तासभर बोलू शकते, कारण स्पार्कलिंगसोबत याच्याइतकं जमणारं पार्सल मला तरी माहीत नाही. कुरकुरीत खारं आवरण, आत रसाळ चिकन, सगळीकडे तेल, आणि समोर थंडगार आंबट बुडबुडे. साधं मीठ-मिऱ्याचं चिकन असेल तर बिनधास्त ब्रूट घ्या, कावा तर अगदी चपखल, आणि खिसा परवानगी देत असेल तर फक्त शार्डनेपासून केलेली शॅम्पेन, जिला ब्लां द ब्लां म्हणतात. गाळावरून आलेली ती पावाची चव चिकनच्या तळलेल्या आवरणाला जाऊन चिकटते आणि दोन्ही एकाच भट्टीतून आल्यासारखं लागतं. पण त्याच चिकनवर कोरियन पद्धतीचा तिखट-गोड लाल ग्लेझ चढवला की हिशेब बदलला, त्यात सिरप नाहीतर साखर असतेच, तिथे एक्स्ट्रा ड्राय किंवा थेट ड्राय. आणि एक गंमत सांगते, फ्राइड चिकन खाताना ग्लासातला फेस अचानक मरतो, वाईन शिळी झाली असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं, ओठांवरचं तेल ग्लासात उतरतं आणि तेलाने फेस बसतो. ओठ पुसा आणि प्या, गॅस आत जसाच्या तसा आहे.

चिकन कुरकुरीत असेल तरच हे सगळं जमतं. डबा घरी येईपर्यंत आतल्या वाफेने आवरण मऊ पडतं, म्हणून आल्या आल्या झाकण उघडा, आणि ओव्हन असेल तर २०० अंशांवर जाळीवर ठेवून पाच-सात मिनिटं द्या. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नको, तिथे ते आणखी लिबलिबीत होतं. मऊ पडलेल्या चिकनसोबत कुठलीही वाईन दिली तरी नुसतं तेलच लागतं.

पिझ्झा तसा सोपा. मार्गेरिटासारखा साधा असेल तर ब्रूट प्रोसेको, टोमॅटोचा आंबटपणा आणि वाईनचा आंबटपणा बरोबरीचे निघतात. इथे एक गोष्ट सांगायला हवी, आंबट पदार्थाला वाईन निदान तेवढी तरी आंबट लागते नाहीतर ती मिळमिळीत होते, आणि स्पार्कलिंगला ही अडचण सहसा येतच नाही. मशरूम, जास्तीचं चीज, कडेने करपलेला बेस, असं असेल तर कावा किंवा क्रेमां. पेपरोनी किंवा सॉसेजचा मांसाहारी पिझ्झा असेल तर लाल लाम्ब्रुस्को आणा, तिच्याबद्दल पुढे बोलते. अननसवाल्या पिझ्झावर वाद घालत नाही, खाणाऱ्याने खावा, पण मग एक्स्ट्रा ड्राय.

थाय करी आणि एकूणच तिखट. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. तिखट लागलं की लोक म्हणतात गार बुडबुडे पी, बरं वाटेल. क्षणभर वाटतं, कारण वाईन गार असते. पण मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या रिसेप्टरला चटका देतं तो खरंतर उष्णता ओळखणारा रिसेप्टर आहे, साधारण ४२ अंशांच्या वरचं काही लागलं की तो पेटतो. अल्कोहोलही याच रिसेप्टरला छेडतं, त्याचा उंबरठा ३४ अंशांच्या आसपास खाली आणतं, म्हणजे तोंडाच्या स्वतःच्या तापमानालाही तो भाजल्याची बोंब मारायला लागतो. वर बुडबुड्यांची टोचणी वेगळी. म्हणजे साडेबारा टक्के अल्कोहोलची, जोरदार बुडबुड्यांची, अजिबात साखर नसलेली शॅम्पेन झणझणीत करीसोबत दिली की तिन्ही बाजूंनी आगीत तेल ओतल्यासारखं होतं, आणि मग लोक म्हणतात स्पार्कलिंग तिखटाला चालत नाही.

चालते, फक्त बाटली वेगळी हवी. अल्कोहोल कमी, बुडबुडे मवाळ आणि साखर भरपूर. याचं तयार उत्तर इटलीच्या पीडमाँटमध्ये बनतं, मोस्काटो द'आस्ती, अल्कोहोल साधारण ५ ते साडेपाच टक्के, दाब कमी, लिटरला १०० ग्रॅमच्या वर साखर, आणि वास पिकलेल्या पीचचा, संत्र्याच्या फुलांचा. लोक तिला डेझर्टची वाईन म्हणून बाजूला ठेवतात. लेमनग्रास, गलांगल, बेसिल आणि नारळाचं दूध असलेल्या हिरव्या करीसोबत एकदा देऊन बघा, करीतले सगळे वास वर येतात आणि चटका साखरेने सोसण्याइतका होतो. फार गोड वाटत असेल तर मधला मार्ग म्हणजे ड्राय पायरीची प्रोसेको, अल्कोहोल ११ टक्क्यांच्या आसपास, किंवा रीसलिंग द्राक्षाची थोडी गोडसर झेक्ट. उत्तर भारतीय पद्धतीच्या क्रीम-बटरच्या सौम्य करीला मात्र एवढी साखर नको, तिथे एक्स्ट्रा ड्राय नाहीतर रोझे, म्हणजे गुलाबी स्पार्कलिंग, बास. आणि खरंच जिभेचा पार भडका उडालेला असेल तर वाईन बाजूला ठेवा आणि दूध किंवा दही घ्या, ते कॅप्सेसिनला उचलून नेतं, वाईनच्या हातात ते नाही.

सुशी. ही सोपी वाटते पण जरा नाजूक आहे. नुसती साशिमी असेल, म्हणजे कच्चा मासा आणि चार थेंब सोया सॉस, तर ब्रूट नेचर किंवा एक्स्ट्रा ब्रूट, जितकी कोरडी तितकी छान. पण निगिरी (भाताच्या गोळ्यावर ठेवलेला मासा) आणि रोल्सच्या भातात व्हिनेगरसोबत साखर असते हे लोक विसरतात, म्हणून तिथे ब्रूटवर या. ईलवर तो चकचकीत गोड सॉस असतो किंवा रोलवर तिखट मेयो, तिथे एक्स्ट्रा ड्राय. सोया सॉस उमामीने, म्हणजे रश्शात लागते तशा भरीव चवीने, भरलेला, आणि उमामी बऱ्याच वाईन्सना कडवट करते, पण सोयामध्ये मीठही तेवढंच असल्याने हिशेब बरोबर बसतो. शिवाय गाळावर राहिलेल्या जुन्या शॅम्पेनमध्ये यीस्टमधून आलेलं, उमामी देणारं ग्लुटामेट स्वतःच असतं, माशांतली न्यूक्लिओटाइड नावाची द्रव्यं त्याला मिळाली की दोघांची उमामी एकमेकांना वाढवते. कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये ऑयस्टर आणि शॅम्पेनच्या जोडीमागे हेच कारण दाखवलं होतं, आणि ट्यूना, स्कॅलप यांच्यासोबत बसवतानाही मी हाच विचार करते.

वसाबीबद्दल मात्र सावध रहा. वसाबीची नाकात जाणारी झणझण ज्या रिसेप्टरमुळे होते, त्याच रिसेप्टरला कार्बन डायऑक्साइडही टोचतो. म्हणजे वसाबीचा गोळा खाऊन लगेच बुडबुड्यांचा मोठा घोट घेतला की दोघं मिळून एकाच बेलवर बोट ठेवतात, डोळ्यांतून पाणी. काहींना हे आवडतंही, मला नाही. वसाबी अगदी कणभर, थेट माशाला लावा, सोयात कालवू नका, आणि घास गिळून थोडं थांबून घोट घ्या. लोणच्यातलं आलं खाल्ल्यावर दोन मिनिटं वाईनची चवच कळत नाही, ते खायचं असेल तर घोटाच्या नंतर.

चायनीज पद्धतीचं जेवण तुमच्या यादीत नव्हतं पण आज ना उद्या येणारच. डिमसम, डंपलिंग, स्प्रिंग रोल यांना ब्रूट. सोया-लसणाच्या नूडल्सना कावा. स्वीट अँड सावर, ऑरेंज चिकन, होयसिन सॉससोबत बदक, या सगळ्यांना एक्स्ट्रा ड्रायपासून डेमी-सेकपर्यंत, सॉसचा रंग जितका चकाकतो तितकं वर सरकायचं. डिलिव्हरीत सॉस वेगळा पाठवायला सांगता आला तर नक्की सांगा, कारण मग गोडवा तुमच्या हातात राहतो, आणि एकाच बाटलीत दोघांची सोय होते.

बर्गर आणि लाम्ब्रुस्को. लाम्ब्रुस्को ही उत्तर इटलीच्या एमिलिया-रोमान्याची लाल, गार प्यायची, बुडबुड्यांची वाईन. हॅम, सलामी आणि पार्मेझान चीज यांचा हाच प्रदेश, त्यामुळे चरबी आणि मीठ यांच्याशी तिची जुनी ओळख आहे. तिच्यात थोडा तुरटपणाही असतो, तो बीफ किंवा लँबच्या पॅटीला लागतो, पांढऱ्या स्पार्कलिंगला तिथे पकड मिळत नाही. तिचे दोन प्रकार लक्षात ठेवा, सोर्बाराची फिकी आणि आंबट, ग्रास्पारोसाची गडद आणि तुरट, पेपरोनी पिझ्झाला पहिली, बर्गरला दुसरी. बार्बेक्यू सॉस असेल तर अमाबिले लिहिलेली, म्हणजे मध्यम गोड. या वाईनला लोक हसतात, त्यांना हसू द्या. गोड पदार्थांचं मात्र एका वाक्यात संपवते, चीजकेक, डोनट, केक यांच्यासोबत ब्रूट कधीच देऊ नका, फक्त डेमी-सेक किंवा मोस्काटो.

मग चौघांसाठी एकच बाटली घ्यायची झाली तर कुठली? सगळ्यांना पुरून उरेल अशी कुठलीच नाही, पण सगळ्यात कमी भांडणारी म्हणजे एक्स्ट्रा ड्राय प्रोसेको, हवं तर रोझे, प्रोसेकोच्या रोझेला २०२० पासून अधिकृत परवानगी आहे आणि त्यात पिनो नेरो या लाल वाईनच्या द्राक्षाची थोडी भर असल्याने पिझ्झा-चिकनलाही जरा अंग मिळतं. साशिमीवाल्याला ती किंचित गोड लागेल, थाय करीवाल्याला किंचित कोरडी, पण तोंड कुणाचं वाकडं होणार नाही. तुम्ही आजवर ब्रूट घेत होतात आणि चारपैकी निदान दोन ताटं तिच्यापेक्षा गोड होती, एवढंच झालं. दोन बाटल्यांची तयारी असेल तर प्रश्नच मिटला, एक ब्रूट कावा चिकन, पिझ्झा आणि सुशीला, एक मोस्काटो द'आस्ती करीला आणि नंतरच्या गोडाला. ७५० मिलिच्या बाटलीतून १२५ मिलिचे सहा ग्लास निघतात, म्हणजे चौघांत एकच बाटली तशीही दीड-दीड ग्लासातच संपते. आणि बुडबुड्यांमुळे अल्कोहोल जरा लवकर चढतं असं छोट्या प्रयोगांत दिसलंय, तेव्हा रिकाम्या पोटी सुरुवात करू नका, आणि कुणाला गाडी चालवायची असेल तर त्याला एकही ग्लास नाही.

गार करण्याबद्दल, कारण अर्धी मजा इथेच जाते. ऑर्डर केली त्याच क्षणी बाटली बर्फात घाला. नुसत्या बर्फात नाही, अर्धा बर्फ आणि अर्धं पाणी, मानेपर्यंत बुडेल असं, सोबत मूठभर मीठ टाका म्हणजे पाणी शून्याच्याही खाली जातं. वीस-पंचवीस मिनिटांत तयार, जेवण यायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. फ्रीजमध्ये तीन-चार तास लागतात. फ्रीझरमध्ये ठेवून विसरण्याची सवय असेल तर ठेवूच नका, आत वाईन गोठून फुगते आणि बाटली फुटू शकते. प्रोसेको, मोस्काटो ६ ते ८ अंशांवर, जुनी शॅम्पेन जरा वर, ९-१० वर, नाहीतर तिचे वासच उघडत नाहीत. तिखट जेवणासोबत मी सगळंच थोडं जास्त गार देते.

उघडताना एक लक्षात ठेवा, वरची तार सैल केल्यापासून अंगठा बुचावरून हलवायचा नाही. बाटली तिरकी, तोंड माणसांपासून आणि लाइटपासून लांब, एका हाताने बुच घट्ट धरायचं आणि दुसऱ्या हाताने बाटली फिरवायची, बुच नाही. बुच स्वतःच वर येऊ लागेल, त्याला थोपवत थोपवत काढा, फुस्स असा हलका आवाज आला की झालं. मोठा फटाका वाजवायला मजा येते, पण सुटलेलं बुच डोळ्यात जाऊन कायमची इजा झाल्याची उदाहरणं आहेत, शिवाय फेसाबरोबर वाईनही जमिनीवर. बाटली कोमट असेल तर हे हमखास होतं.

ग्लासाचं फार मनावर घेऊ नका. उंच अरुंद फ्लूटमध्ये बुडबुडे छान दिसतात पण नाक आत जात नाही, रुंद बशीसारख्या ग्लासात गॅस लवकर उडतो, घरात साधा व्हाइट वाईनचा ग्लास असेल तर तोच सगळ्यात बरा. ओतताना ग्लास तिरका धरून काचेच्या कडेने ओता, जशी बिअर ओततात. २०१० मध्ये फ्रान्सच्या रँस विद्यापीठातल्या जेरार लिजे-बेलेर यांच्या टीमने मोजून दाखवलं की असं ओतल्यावर आणि वाईन जितकी गार तितका गॅस जास्त टिकतो. बुडबुडे जिथून निघतात त्या जागी खरंतर कापडाचा किंवा धुळीचा सूक्ष्म धागा अडकलेला असतो, एकदम निर्मळ काचेत ते जवळपास उठतच नाहीत. म्हणून ग्लास साबण पूर्ण जाईपर्यंत धुवा आणि कोरड्या सुती फडक्याने पुसा, साबणाचा अंश राहिला तर फेस धरतच नाही.

उरली तर बाटलीच्या तोंडात चमचा उलटा टांगून ठेवायचा सल्ला कुणीतरी देईलच. १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या रिचर्ड झेर यांनी याची चाचणी घेतली होती, चमच्याने काहीही फरक पडत नाही. गॅस टिकतो तो थंडीने, म्हणून बाटली लगेच फ्रीजमध्ये, आणि स्पार्कलिंगसाठी मिळतो तो दोन्ही बाजूंनी बिजागरीसारखा अडकणारा स्टॉपर लावा, दोन दिवस आरामात जातात. व्हॅक्युमचा पंप वापरू नका, तो हवेबरोबर गॅसही ओढून काढतो. दुसऱ्या दिवशी थोडे कमी बुडबुडे राहिलेली ब्रूट उरलेल्या गार पिझ्झासोबत चांगली लागते, आणि करी उरली असेल तर ती मुरून कालच्यापेक्षा तिखट लागू शकते, तिच्यासाठी मोस्काटोचा शेवटचा ग्लास राखून ठेवा.